चिकटपट्टीवरच्या खुणा

दर रविवारी दोनच्या जरा पुढे थांबणारी शिट्टी त्या रविवारी अकरालाच थांबली. हे दोन आणि अकरा घड्याळातले नाहीत, एका काळ्या खुंटीच्या भोवतीचे आहेत. आमच्या मुलीने, मयुराने, कॉलेजात असताना हाताच्या पंजाएवढा एक स्वस्तातला सिंथेसायझर घेतला होता. पाच खुंट्या, खाली पेटीच्या पट्ट्यांचं नुसतं छापील चित्र, त्यावर बोट ठेवलं की आवाज. कॉम्प्युटर वगैरे त्यात काही नाही, आवाज थेट विजेतूनच निघतो, आणि पहिली खुंटी फिरवत नेली की तो जाड गुरगुरण्यापासून बारीक शिट्टीपर्यंत चढत जातो. नोकरीसाठी बंगळूरला जाताना ती तो इथेच, दिल्लीत मयूर विहारच्या घरात, टाकून गेली. त्या खुंटीच्या कडेने मी कागदी चिकटपट्टी लावली होती, आणि शिट्टी जिथे मला ऐकू येईनाशी व्हायची तिथे पेन्सिलीने रेघ मारून तारीख टाकत होतो. सप्टेंबरपासून नऊ रेघा, सगळ्या एकमेकींना खेटून. दहावी मी मारलीच नाही. पेन्सिल धरून बसलो, खुंटी खाली आणली, परत वर नेली. अकरा. डोळे मिटून नेली, श्वास रोखून नेली. अकरा. माझी बायको शालिनी भाजी आणायला गेली होती, ती यायच्या आत मी सगळं खणात टाकलं आणि वर्तमानपत्र उघडून बसलो.

भीती अचानक आली असं म्हणता येणार नाही, तिला मी स्वतःच घरात जागा करून दिली होती. सप्टेंबरात एका सकाळी नोएडाला ऑफिसला निघालो होतो, मेट्रोच्या दारात उभा राहून फोन बघत होतो, आणि दार बंद होताना वाजणारी टूं-टूं मला ऐकूच आली नाही. दार बॅगेवर आपटलं. शेजारच्या बाईंनी मला दंडाला धरून आत ओढलं आणि म्हणाल्या, "भाईसाहब, कब से बज रहा है." एवढंच. फोनमध्ये डोकं घातलेल्या कुठल्याही माणसाचं असं होतं, हे मला कळत नव्हतं असं नाही. पण मला एक्कावन्नावं लागलं होतं, आणि माझे बाबा एक्कावन्नाव्या वर्षी बहिरे व्हायला लागले. म्हणजे ते त्याच वर्षी व्हायला लागले की आधीपासून, हे कोणालाच माहीत नाही. आम्हाला ते त्या वर्षी कळलं, आणि तेही नववी अ च्या पोरांनी शोधून काढलं म्हणून.

बाबा फलटणला शाळेत विज्ञान शिकवायचे. नरसिंहसर. मी त्यांच्याच वर्गात होतो, तिसऱ्या बाकावर. पोरांना असा शोध लागला की सरांना बोललेलं ऐकू येतं, बाक सरकवलेला ऐकू येतो, पण पेनच्या टोपणात फुंकून जी बारीक शिट्टी निघते ती अजिबात ऐकू येत नाही. मग काय, सर फळ्याकडे तोंड करून भिंगाची आकृती काढत आहेत आणि मागे चाळीस टोपणं वाजताहेत. सरांचा हात जराही चळायचा नाही. त्यांच्या आकृत्या फार सुंदर असायच्या, किरणांच्या रेषा पट्टीशिवाय सरळ. एके दिवशी मीही टोपण ओठाला लावलं आणि फुंकलं. मला कोणी भरीला घातलं नव्हतं. मला बघायचं होतं की माझी तरी त्यांना ऐकू येते का. नाही आली. त्यांनी शांतपणे किरण भिंगातून पलीकडे नेला. त्या क्षणी मला जे वाटलं त्यात थोडी सुटका होती याची लाज मला अजून वाटते. घरी ते सगळे हसले की अर्धा क्षण उशिराने हसायचे. नाव काय म्हणून कोणी विचारलं तर "हो, हो" म्हणायचे. आठ वर्षं त्यांनी कबूल केलं नाही, आणि केलं तेव्हा आई एवढंच म्हणाली की माहीत होतं. ही सगळी गोष्ट मी दिल्लीत आमच्या मराठी मंडळींच्या जेवणात सांगतो. मी नकला बऱ्या करतो. अर्धा क्षण उशिराचं ते हसू मला हुबेहूब जमतं, लोक ताट बाजूला ठेवून हसतात. त्या गोष्टीत टोपण वाजवणारी "पोरं" असतात. तिसऱ्या बाकावर कोणी बसलेलं नसतं.

डॉक्टरकडे जायला काय झालं होतं, असं कोणीही विचारेल. दोनदा वेळ घेतली आणि दोनदा रद्द केली. कानाची चाचणी हल्ली फोनवरसुद्धा होते म्हणे. पण फोन तोंडावर हो किंवा नाही सांगून मोकळा होणार. खुंटी तसं सांगत नाही, ती फार तर जराशी सरकेल आणि त्याचा अर्थ काय लावायचा ते माझ्या हातात राहील, असा माझा हिशेब. गंमत म्हणजे मी नोकरी करतो ती लिफ्टच्या देखभालीची. उंच इमारतींमधल्या लिफ्ट आमची माणसं तपासतात आणि त्यांचे अहवाल माझ्या टेबलावर येतात. तिथे पहिला नियम असा की एकट्या माणसाची सही चालत नाही. ज्याने तपासलं त्याने सही करायची आणि ज्याने तपासलं नाही त्याने जाऊन परत बघून दुसरी सही करायची. त्या आठवड्यातही मी यतीन नावाच्या आमच्या इंजिनियरचा अहवाल एकाच सहीसाठी परत पाठवला आणि वर दोन ओळी सुनावल्या. बिचारा म्हणाला, सर, बिल्कुल सिंपल केस था. मी म्हटलं, सिंपल केसमध्येच माणसं अडकतात. हे मी म्हटलं, आणि स्वतःच्या कानांचा अहवाल चिकटपट्टीवर एकट्याच्या सहीने दर रविवारी भरत होतो.

खुंटीचा हा उद्योग सुरू झाला म्हणून तो डबा उघडला, आणि उघडल्यावर मला त्याचा नाद लागला. मी आयुष्यभर मोटारी पाहिल्या त्या माणसं उचलणाऱ्या. मसुराच्या डाळीएवढ्या वस्तू चिमट्यात धरून चिकटवायच्या, हे माझं काम नव्हे. पण इंटरनेटवर माझ्यासारखीच हौशी माणसं असे स्वस्त सिंथेसायझर उघडतात, त्यात चार तारा जोडतात आणि एकमेकांना फोटो दाखवतात, नवशिक्याने इथूनच सुरुवात करावी असं म्हणतात. लाल किल्ल्यासमोरच्या बाजारातून मी सोल्डरिंगचं सामान आणलं. आधी इअरफोनसाठी नीट खाच बसवली. मग उजेडावर चालणारा एक बारका भाग जोडला, त्यावर हाताची सावली धरली की आवाज झुकायचा, हात काढला की सरळ व्हायचा. हे पहिल्यांदा झालं तेव्हा मी खुर्चीतून उठून घरभर फिरलो. शालिनी म्हणाली, देवपूजेला कधी एवढा वेळ बसला नाहीस. खरंच, राळेचा तो धूर, वितळून चकाकणारा टाक्याचा थेंब, यात दोन तास जायचे आणि डोक्यात काही यायचं नाही. फक्त त्या यंत्राला एक खोड होती, आवाजाच्या मागे सतत बारीक खरखर. तिच्यावर उपायही कोणीतरी लिहिला होता, बाहेर जाणाऱ्या तारेवर अगदी छोट्या क्षमतेचा एक कपॅसिटर लावा, तो खरखर गिळून टाकतो. तो मी शिट्टी अकराला थांबली त्याच्या आदल्या रविवारी, रेघ मारून झाल्यावर, लावला. खरखर गेली. एक जाडा स्वर वाजवून पाहिला, मऊ, घरगुती वाटला. खूश होऊन झाकण लावलं, स्क्रू पिळले.

मधल्या आठवड्याबद्दल काय सांगू. सोमवारी मी बहिरा म्हणून उठलो. कुकरची शिट्टी झाली, ती मला स्पष्ट ऐकू आली, पण ती आत्ता येतेय की आतापर्यंत हजारदा ऐकली म्हणून नुसती आठवतेय, हे मला ठरवता येईना. मेट्रोत दाराच्या टूं-टूंकडे इतकं लक्ष देऊन उभा राहिलो की माझं स्टेशन गेलं. मीटिंगमध्ये अक्षता म्हणून आमच्याकडे एक नवीन मुलगी आहे, पुण्याची, हळू बोलते, तिने काहीतरी म्हटलं आणि सगळे हसले. मी हसलो. अर्धा क्षण उशिरा हसलो. मला ते माझ्याच तोंडातून ऐकू आलं, ज्याची मी नक्कल करतो ते. बाहेर जाऊन पाणी प्यालो आणि कॉरिडॉरच्या काचेतून धुरकट नोएडाकडे बघत राहिलो. समोरच्या इमारतीच्या वरच्या मजल्यांना आमच्याच लिफ्ट जातात आणि त्या मजल्यांचा पत्ताच नव्हता. मला बाबा दिसत होते ते फळ्याकडे तोंड केलेले. आजवर मी समजत होतो की त्यांना काही कळलं नव्हतं. त्या दिवशी पहिल्यांदा असं वाटलं की चाळीस पोरं एकदम गप्प बसली आहेत आणि गाल फुगवून काहीतरी करताहेत, हे मागे वळून एकदा जरी पाहिलं तरी माणसाला कळेल, आणि कदाचित म्हणूनच ते वळत नव्हते. बहिरं होण्याची मला भीती होती ती आवाज जातील म्हणून नव्हती. आवाज गेले तर गेले. मला आता त्यांच्यासारखं सरळ रेषा काढत उभं राहावं लागेल आणि ते मला जमणार नाही, मी वळेन, याची होती. शुक्रवारी मी साहेबांना एक मेल लिहिली, की मला इमारतींच्या भेटींमधून काढा आणि फक्त कागदांवर ठेवा, कारण लिफ्टच्या वरच्या खोलीत दोरांचा आवाज कानाने ऐकावा लागतो. पाठवली नाही. सोमवारी पाठवायची असं ठरवून ठेवून दिली.

रविवारी सकाळी शालिनी भाजीला गेली आणि मी खण उघडला. खुंटी अकरावर आणून बसलो होतो, नुसता, तेवढ्यात कुलूप उघडलं. ती अर्ध्या वाटेतून परत आली होती, बाहेर श्वास घेववत नाही म्हणाली, मास्क काढून टेबलावर टाकला आणि माझ्या समोर उभी राहिली. लपवायला वेळच नव्हता.

"ही पट्टी कसली रे? आणि तारखा कसल्या टाकल्यायस?"

माझ्याकडे एक उत्तर तयार होतं, यंत्राचं माप घेतोय असं काहीतरी. ते तोंडापर्यंत आलं आणि मला त्याचा कंटाळा आला. "माझे कान चाललेत, शालिनी," मी म्हणालो.

ती हसली नाही. खुर्ची ओढून बसली आणि कधीपासून, कशावरून, असं एकेक विचारत गेली. मी दाराची टूं-टूं सांगितली, नऊ रेघा दाखवल्या, अकरा दाखवलं, शुक्रवारची मेल सांगितली, अक्षताचा विनोदही सांगितला. सांगताना माझा आवाज चिरका व्हायला लागला आणि तिने मला मध्ये अडवलं नाही. सगळं ऐकून झाल्यावर म्हणाली, "मला ऐकव बरं." हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. दहा रविवार मी तो डबा घेऊन बसत होतो, घरात आणखी एक माणूस आहे आणि त्याला कान आहेत, हे दुसऱ्यांच्या सह्या तपासणाऱ्या माझ्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं. तिने टेबलावर हात टेकून त्यावर डोकं ठेवलं, उजवा कान स्पीकरला जवळजवळ लावला, आणि खुंटी स्वतःच्या हाताने फिरवत नेली. गुरगुर, मग गाणं म्हटल्यासारखं काहीतरी, मग बारीक. तिचा हात थांबला.

"गेला," ती म्हणाली. "इथे गेला आवाज."

मी वाकून पाहिलं. खुंटी अकरावर होती.

मी स्क्रूड्रायव्हर शोधला. झाकण काढलं. मी शेवटचा लावलेला तो नारिंगी मसूर जागेवर होता, टाका अगदी सुबक. त्यावर तीन बारीक आकडे असतात, शेवटचा आकडा पुढे शून्यं किती ते सांगतो. मला लावायचा होता तो एकशे दोन. दुसऱ्या कामासाठी आणलेले एकशे चारचेही होते, आणि दोन्ही मी मुखवासाच्या एकाच डबीत ओतले होते, कारण पुड्या टेबलावर पसारा वाटतात. त्या दिवशी धुराने चष्मा मळला म्हणून मी तो काढून ठेवला होता, तेही आता आठवलं. चष्मा नीट पुसून लावला. एकशे चार. हवा होता त्याच्या शंभरपट मोठा. तो नुसती खरखर गिळत नव्हता, सगळे उंच आवाज गिळत बसला होता आणि मी ते आठवडाभर माझ्या कानांच्या नावावर टाकत होतो. मी त्याचे दोन्ही पाय कातरले. खरखर लगेच परत आली, आणि इतकी गोड खरखर मी कधी ऐकली नाही. खुंटी वर नेली. अकरा गेलं, बारा गेलं, एक गेलं, शिट्टी बारीक होत, बोचत, दोनपर्यंत आली आणि तिथून जरा पुढे, जुन्या नऊ रेघांच्या गर्दीत, सुटली. जीव भांड्यात पडला. मला रडू आलं. चष्म्याखालून पाणी टेबलावर पडायला लागलं आणि मी तोंडाने हसत होतो. शालिनीने माझं डोकं पोटाशी धरलं. "वेडा आहेस का रे," ती म्हणत होती, "डोळे तपास आधी, डोळे." कान शाबूत होते, मेल पाठवायची नव्हती, सोमवारी मी साधा, एक्कावन्नावं लागलेला माणूस म्हणून दारात उभा राहणार होतो. खिडकीतून उन्हाचा एक पिवळट पट्टा आत आला होता तोही मला चांगला वाटला, हवा कशीही असो.

सुटका झाली की माणसाला खेळ सुचतो. मी म्हटलं, आता शर्यत लावू, कोणाचा कान जास्त वर जातो बघू. मी बसवलेल्या खाचेत इअरफोन लावला, एक टोक स्वतःच्या कानात घातलं आणि दुसरं, ती नको नको म्हणत असताना, तिच्या माझ्याकडच्या कानात सरकवलं. ती माझ्या उजवीकडे बसली होती, म्हणजे तो तिचा डावा. ऐकू येतंय तोवर बोट वर धरायचं, असं ठरवलं आणि खुंटी सुरू केली. एकदम मधून, बारापासून. माझ्या कानात शिट्टी खणखणीत वाजत होती. तिचं बोट वर नव्हतं. मी तिच्याकडे पाहिलं, ती टेबलाकडे बघत होती. खुंटी थोडी खाली आणली. बोट नाहीच. मी म्हटलं, थांब, तुझ्याकडची वायर ढिली झाली वाटतं, माझाच टाका, दाखव इकडे, आणि ती ओढून बघायला हात पुढे केला.

"वायर ठीक आहे," शालिनी म्हणाली.

तिने इअरफोन काढून टेबलावर ठेवला. दोन वर्षांपूर्वीचा तो डेंग्यूसारखा ताप आठवतो ना, म्हणाली, त्यानंतर डाव्या कानाने उंच आवाज येत नाहीत. तपासून आलेय, दोनदा, चेतना होती बरोबर. चेतना म्हणजे तिची मैत्रीण, सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहते. डॉक्टरांनी सांगितलंय की आहे एवढंच राहील, वाढणार नाही, उजवा उत्तम आहे. हे सगळं ती भाजीचे भाव सांगितल्यासारखं सांगत होती. मी विचारलं की मला का नाही सांगितलंस. 

"तू बाबांची नक्कल करतोस ना जेवणात," ती म्हणाली, "सगळे इतके हसतात. मीसुद्धा हसते. मग मी सांगणार कशी?"

तिच्या बोलण्यात राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं. दोन वर्षं मी तिच्याशी जे जे बोललो ते डोळ्यांपुढून जायला लागलं, कुठल्या वेळी ती माझ्याकडे वळली होती, कुठल्या वेळी नव्हती, कितीदा मी चिडून म्हणालो होतो की लक्ष कुठे असतं तुझं. मी म्हटलं, ती गोष्ट मी आता परत सांगणार नाही. ती म्हणाली, "सांग की. पण खरी सांग." आणि तिने एकदम मोठा श्वास सोडला, खांदे खाली आले, चेहरा मोकळा झाला. तो श्वास तिने दोन वर्षं धरून ठेवला होता हे मला तिच्या शेजारी बसून आत्ता कळत होतं.

"मंडळींच्या घरी जेवायला गेलो की सगळ्यांच्या डाव्या टोकाची खुर्ची मी धावत जाऊन पकडते," ती म्हणाली. "कोणी माझ्या डाव्या बाजूला बसू नये म्हणून. दमले रे. इथून पुढे ती माझ्यासाठी तू पकडायची."

मी हो म्हटलं. मग उठून टेबलाला वळसा घातला, तिच्या उजव्या बाजूला खुर्ची आणून बसलो आणि परत एकदा, नीट ऐकू जाईल असं, हो म्हटलं.